ढिगाऱ्यापलीकडची ओ

"मॅडम, मी चहाला उठलो हे तुम्हाला इथं बसून कसं कळलं ओ?"

पास्कू पॅनेल रूमच्या दारात उभा होता. गमबूट चिखलाने माखलेले, हेल्मेट काखेत, चेहऱ्यावर राग कमी आणि कुतूहल जास्त. थोड्या वेळापूर्वी मी बोगद्यातल्या फोनवर त्याला झापलं होतं. चहाला जाताना पंप बंद, आलास की चालू, पुन्हा तंबाखू मळायला बंद. अशाने एक दिवस मोटर जाळशील, असं.

"ये आत," मी म्हटलं. "बूट मात्र बाहेर."

तो ओल्या मोज्यांनी आत आला. मी त्याला पॅनेलवरचं तिसरं मीटर दाखवलं. गोल काच, आत पांढऱ्या तबकडीवर काळा काटा.

"हा तुझा पंप. आता चालू आहे म्हणून काटा नव्वदवर आहे. तू बंद केलास की शून्यावर पडतो. आणि परत चालू केलास ना, की पार त्या टोकाला जाऊन आपटतो, मग हळूहळू नव्वदवर येतो. थांबलेली मोटर फिरवायला कितीतरी पट करंट लागतो. त्या करंटनेच ती तापते."

पास्कू काचेला नाक लावून बघत राहिला. "म्हणजे मी आत काय करतो ते सगळं तुम्हाला दिसतंय?"

"पंपाचं तेवढं दिसतं."

"मग आमच्या रोझलिनला सांगू नका. घरात असला काटा पायजे म्हणून बसंल."

तो हसत गेला. मीही हसले. त्या नोकरीत हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. मिरजेला डिप्लोमा करून मी या कामावर आले, तेव्हा वाटलं होतं काहीतरी मोठं करू. आजऱ्याच्या पुढे, घाटाच्या डोंगरातून पाणी पलीकडे नेणारा बोगदा खोदला जात होता. माझ्या वाट्याला आली ती बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली आणि भिंतभर मीटर. दिव्यांची लाइन, हवेच्या पंख्याची लाइन, पंपाची लाइन. दिवसभर काटे बघायचे. घरी मी सांगून टाकलं होतं, पावसाळ्याआधी नोकरी सोडते म्हणून.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. सकाळची वेळ. मी डबा नुकताच टेबलावर ठेवला होता. पायाखालची फरशी हलली, आणि मग आवाज आला. डोंगराने पोटातून खाकरावं तसा. पॅनेलवरचे ब्रेकर धडाधड पडले. तिन्ही काटे शून्यावर आले. मी दारात पोचेपर्यंत बोगद्याच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर आला आणि त्यातून माणसं धावत आली, खोकत, पांढरीफटक. मुळीकतात्या, आमचे फोरमन, प्रत्येकाचं नाव घेत त्यांना बाजूला उभं करत होते.

"आत कोण राह्यलं?" ते ओरडले. "ड्रिलवाले कुठायत?"

ड्रिलवाले पाच जण ओरिसाचे. ते शेवटच्या टोकाला होते. आणि त्यांच्याबरोबर पंपावर पास्कू.

छत मध्येच कोसळलं होतं. ढिगारा बोगदा भरून वरपर्यंत गेला होता, आणि हे सहा जण त्याच्या पलीकडे. फोनची तार तुटली होती. बोगद्याला आतल्या बाजूला उतार होता, म्हणजे डोंगरातून झिरपणारं सगळं पाणी शेवटच्या टोकाशी जमायचं. पंप होता तो त्यासाठीच. पंपाचा पाइपही ढिगाऱ्यात फुटला असणार, कारण अलीकडच्या बाजूला दगडांमधून पाणी बाहेर येत होतं.

आमचे प्रोजेक्ट इंजिनियर साळगावकर साहेब जीपमधून उतरले ते थेट आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. ते माझ्या खोलीत आले.

"खराडे, सगळ्या लाइनी बंद ठेवा. पंपाचीसुद्धा. माझी माणसं तिथे पाण्यात उभं राहून दगड काढणार आहेत. त्यांच्या पायाशी चेचलेली केबल नको."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एरवी मीही तेच केलं असतं. ब्रेकर पडल्या पडल्या मी सवयीने पंपाची लाइन परत चढवून बघितली होती आणि ती टिकली होती, एवढंच. मी दिव्यांच्या स्विचची मूठ खाली केली, पंख्याची केली. तिसऱ्या मुठीवर हात ठेवला.

आणि काटा उसळला.

टोकाला आपटला, थरथरत नव्वदवर आला, आणि शून्यावर पडला.

"शॉर्ट आहे," साहेब म्हणाले. "केबल गेली. पाडा लवकर!"

पुन्हा उसळला. नव्वद. शून्य. आणि परत एकदा.

"साहेब, थांबा. हा शॉर्ट नाही."

"कशावरून?"

"शॉर्ट असता तर ब्रेकर पडला असता. नाहीतर काटा कुठेही भटकला असता. हा दर वेळी नव्वदवरच येऊन टेकतोय. पंप चालू होतोय आणि कुणीतरी तो बंद करतंय."

"आपोआपची कळ असेल. पाण्याबरोबर खालीवर होणारी."

"ती गेल्याच महिन्यात काढली आपण. चिखलात अडकायची. आता पंप हातानेच चालतो."

बाहेरून मुळीकतात्या आत आले होते, दम खात.

"खराडे," साहेब हळू आवाजात म्हणाले, "आत माणसं जिवंत असावीत असं मलाही वाटतं. म्हणून तर भीती वाटते. आपल्याला जे हवंय तेच आपण त्या काट्यात बघत असलो तर? इकडे पाण्यात चौदा माणसं उभी आहेत."

"मग विचारून बघू."

"कोणाला?"

"त्यालाच."

पंपाच्या पेटीवर एक लाल दिवा असतो, लाइन चालू आहे हे दाखवणारा. आतले बाकीचे दिवे केव्हाच गेले होते. तिथे कुणी असलंच, तर त्या काळोखात त्यांना दिसणारी तीच एक गोष्ट असणार. मी मूठ खाली ओढली तर तो विझेल, वर केली तर पेटेल. मी तीनदा विझवला आणि पेटवला, तर तिथला माणूस समजेल की बाहेरून कुणीतरी बोलतंय.

हे सांगताना सोपं वाटलं. मुठीवर हात ठेवल्यावर नाही. ती लाइन पडली आणि परत चढलीच नाही तर? ओली केबल, जुना ब्रेकर. आतल्यांचा तेवढा एक दिवाही मी माझ्या हाताने घालवला असता, आणि त्यांना वाटलं असतं, बाहेरच्यांनी आपल्यावर पाणी सोडलं.

"करा," साहेब म्हणाले. "जबाबदारी माझी."

मी मूठ ओढली. वर केली. टिकली. ओढली, वर केली. हात घामाने निसटत होता, म्हणून तिसऱ्यांदा ओढणीत धरून ओढली. वर केली आणि हात काढून घेतला.

काटा शून्यावर. आम्ही तिघं काचेसमोर. बाहेर कुणीतरी फावडं मागत होतं. काटा शून्यावरच.

मग उसळला. एकदा. दोनदा. तीनदा. आणि थांबला.

"आयला," मुळीकतात्या म्हणाले, "ओ दिली की ओ त्यानं!"

साळगावकर साहेबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. मग एकदम उठून त्यांनी भराभर सांगायला सुरुवात केली. पंपाची लाइन चालू राहील. पाण्यातली माणसं बाहेर घ्या, लाकडी फळ्यांचा माच बांधा, त्यावर उभं राहूनच काम. सगळ्यांना रबरी बूट, रबरी हातमोजे. ढिगाऱ्याच्या वरच्या कोपऱ्यातून आधी एक जाड पाइप आत ठोकायचा, हवेसाठी. "आणि खराडे, तुम्ही इथून हलायचं नाही. काटा नव्वदच्या वर रेंगाळला, तर केबल गळतेय असं समजायचं आणि मला न विचारता लाइन पाडायची."

मी मान हलवली. माझ्या खोलीपासून बोगद्यापर्यंत निरोप द्यायला मुळीकतात्यांनी एका माणसाला घंटा घेऊन बसवलं.

त्यानंतर थोड्या वेळाने काटा परत बोलायला लागला. आम्ही काही विचारलं नव्हतं. एक उसळी, मग बराच वेळ शांत. दुसरी उसळी, परत शांत. तिसरी.

"हे काय सांगतोय?" मुळीकतात्यांनी विचारलं.

चौथी.

"माणसं मोजतोय," मी म्हटलं.

पाचवी.

आम्ही वाट बघितली. काटा शून्यावर होता. मी मनात म्हणत होते, आणखी एक दे बाबा, आणखी एक.

"मोटर तापली असेल," मी म्हटलं. "फार वेळा चालू केली की तिचा रिले पडतो. थंड होईपर्यंत चालू होत नाही."

तेवढ्यात काटा वर गेला, नव्वदवर आला आणि तिथेच राहिला. मोटर चालू झाली होती. तो आता पाणी उपसत होता. त्याचं मोजून संपलं होतं.

मुळीकतात्यांनी जमिनीकडे बघितलं. मी वळले तर दारात एक बाई उभी होती. निळ्या फुलांचा झगा, डोक्याला स्कार्फ, पायात घरातल्या चपला. ती केव्हापासून तिथे होती कोण जाणे.

"मी पास्कूची," ती म्हणाली. "पाचच काय हो?"

रोझलिनला खुर्ची दिली, ती बसली नाही. मीटरजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. मुळीकतात्या तिला धीर देत होते, सगळं ठीक होईल, देव आहे, साहेबांनी मोठी मशीन मागवलीय. ती मान डोलवत होती. ते बाहेर गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"हे बटन दाबतंय ते तेच हाय का?"

काटा बाहेर दिसतो हे फक्त पास्कूला माहीत होतं, हे खरं. पण त्याने ते आतल्या दुसऱ्या कुणाला सांगितलंही असेल. आणि पास्कूचा हात मला ओळखीचा होता. तो पंप बंद-चालू करायचा ते झटक्यात, फटाफट. आजचा हात जड होता. एक बटण दाबल्यावर दुसरं दाबायला वेळ घेत होता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तो असेल असं वाटतं. खात्री नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "खरं बोललात ते बरं झालं. सकाळपासनं सगळी मला गोड बोलाय लागल्यात."

मग ती बसली. मी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात तसाच धरून ठेवला. संध्याकाळ झाली. तिने विचारलं, नव्वद म्हणजे बरं ना? मी हो म्हटलं. त्यानंतर ती दर थोड्या वेळाने मीटर बघायची आणि स्वतःशीच म्हणायची, "नव्वद." रात्र तशीच गेली.

सकाळी उजाडता उजाडता काटा नव्वदच्या वर सरकला.

आधी मला भास वाटला. डोळे चोळून बघितलं. शंभर. थोड्या वेळाने त्याहून वर. उसळी नव्हती, हळूहळू चढत होता. केबलचं आवरण फाटून करंट पाण्यात गळायला लागला, तर काटा असाच चढेल.

"बाई, नव्वद न्हाई आता," रोझलिन म्हणाली.

मी घंटेवाल्याला ओरडून सांगितलं, "सगळ्यांना माचावरून मागे घ्या! कोरड्यात आणा! एकसुद्धा माणूस ढिगाऱ्याला हात लावणार नाही!" घंटा वाजायला लागली. माझा हात मुठीवर होता. साहेबांनी बजावलं होतं, न विचारता पाडायची. पण माणसं मागे आली तर इकडे कुणाला धोका नव्हता. तिकडे मात्र रात्रभर उपसलेलं पाणी परत चढलं असतं.

घंटा थांबली. बाहेरून आवाज आला, "सगळे मागं आले!"

मी मूठ सोडली नाही, ओढलीही नाही. हे केबलचं दुखणं नसलं, तर दुसरं एकच असू शकत होतं. पंपात गाळ अडकला की मोटर जोर लावते आणि करंट जास्त ओढते. तसं असेल, तर मोटरचा आवाज जड झालेला आतल्या माणसाला ऐकू येत असणार.

काटा आणखी चढला. रोझलिनने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तिने घट्ट केला.

आणि काटा शून्यावर पडला. लाइन पडली नव्हती, पंप बंद केला होता. आतून, हाताने.

आम्ही थांबलो. काही वेळाने उसळी आली, काटा खाली आला, आणि नव्वदवर टेकला. मी इतका मोठा श्वास सोडला की रोझलिन दचकली.

"काय झालं?"

"पंपात गाळ अडकला होता. त्याने बंद करून साफ केला आणि परत चालू केला."

"मग ते तेच," ती म्हणाली. "पंपाचं काम दुसऱ्याला जमंल व्हय?"

तिचा आवाज पहिल्यांदाच जरा मोकळा झाला. पण लगेच तिने विचारलं, "का त्यानं पडूनच दुसऱ्या कुणाला सांगितलं असंल, असं असं कर म्हणून?" माझ्याही मनात तेच आलं होतं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा बोगद्यातून ओरडा ऐकू आला. वरच्या कोपऱ्यातला पाइप आरपार गेला होता, आणि त्यातून पलीकडच्यांचे आवाज येत होते. काय बोलताहेत ते कुणालाच कळत नव्हतं, कारण सगळे एकदम बोलत होते आणि तेही त्यांच्या भाषेत. पास्कूचा आवाज त्यात ओळखू आला नाही. त्या पाइपच्या बाजूने माणूस सरपटत जाईल एवढी वाट करायला दुपार कलली.

मुळीकतात्या स्वतः पॅनेल रूममध्ये आले. "चला वहिनी. मॅडम, तुम्ही बी चला. साहेबांनी मला पाठवलंय, काटा बघायला मी थांबतो. मी अडाणी, पण नव्वद मला बी कळतं."

"नको, तात्या. लाइन चालू आहे तोवर मी इथेच. तुम्ही यांना घेऊन जा."

पण पत्र्याच्या दारातून बोगद्याचं तोंड दिसत होतं. मी एक डोळा काट्यावर आणि एक डोळा तिथे ठेवला. पहिला माणूस बाहेर आला, उन्हात डोळे मिटून. दुसरा आला. तिसऱ्याला दोघांनी धरलं होतं, पाय लंगडत होता. चौथा रडत होता. पाचवा आला आणि जमिनीवर आडवाच झाला. पाचही ड्रिलवाले. रोझलिन त्यांच्याकडे बघत नव्हती. ती बोगद्याच्या अंधारात बघत होती.

काटा शून्यावर पडला.

मी उभी राहिले. पंप कुणीतरी बंद केला होता. पाच जण तर बाहेर होते. मग तिथे अजून बटण दाबणारं कोण होतं?

मी मूठ खाली ओढली आणि पळत सुटले.

तो आला तेव्हा त्याचा उजवा हात कुणाच्या तरी शर्टाच्या चिंध्यांनी छातीशी बांधलेला होता. अंगभर चिखल, फक्त दात पांढरे. चालत आला. मला बघितल्यावर म्हणाला, "पंप बंद करून आलो मॅडम. कोरडा चालला असता तर परत तुम्ही वरडला असता."

रोझलिन त्याच्यासमोर उभी राहिली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. हात लावला नाही.

"सहा होता की रं तुम्ही," ती म्हणाली. "मग पाच का सांगितलंस?"

"सहाच की. त्ये पाच मोजून दाखवले."

"आणि तू?"

"अगं, बटन दाबणारा मी. दाबणारा जित्ता हाय हे आणि येगळं सांगाय पायजे व्हय?"

मग तिने त्याच्या खांद्यावर एक बुक्की मारली. मग दुसरी. "रात्रभर," ती म्हणत होती, "रात्रभर मी इथं मेले की रं!" तो म्हणत होता, "डाव्या अंगाला मार, उजवा मोडलाय, डाव्या अंगाला," आणि अंग चोरत वळत होता. मुळीकतात्या हसायला लागले. हसता हसता त्यांना उभं राहवेना, ते दगडावर बसले. साळगावकर साहेब हसले, मग मी. त्या पाच जणांना यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि उन्हात बसल्या बसल्या तेही मोठमोठ्याने हसायला लागले.